गयेत आई, बोधगयेत मावशी

वडील जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा आईनं गयेचं नाव काढलं. पंचगंगेवर सगळं रीतीप्रमाणं झालं होतं, वर्षश्राद्धही झालं होतं. कोल्हापूरला दक्षिण काशी म्हणतात, मग इथलं पुरत नाही का, असं मी विचारलं तर म्हणाली, "पुरतंय की. पण त्यांचा जीव कशाकशात अडकला हुता ते मला ठावं हाय. एकदा गयेला जाऊन येऊ."

तिकिटाचं बघायच्या आधी मी माझ्या शाळासोबत्याला फोन केला. त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, कितीतरी वर्षं बोधगयेचा ध्यास घेऊन होत्या. तो माणगावचा, हातकणंगले तालुक्यातला. मी शिवाजी पेठेतला. आठवीपासून एका बाकावर बसलेलो. त्याचे वडील शिक्षक होते आणि स्वतः मिस क्लार्क वसतिगृहात राहून शिकले होते. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी निघालेलं हे वसतिगृह. त्याबद्दल बोलताना सरांचा आवाज बदलायचा. ते आमच्या वडिलांच्या आधी दोन वर्षं गेले.

गया ते बोधगया १२-१३ किलोमीटर. एकीला इथं जायचंय, दुसरीला तिथं. चौघांची तिकिटं काढली, डिसेंबरातली.

पहिला दिवस, शुक्रवार

कोल्हापूरहून धनबादला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच सुटते, शुक्रवारी पहाटे. तिचं नाव दीक्षाभूमी एक्सप्रेस. शाहू महाराजांच्या नावाच्या टर्मिनसवरून निघते, पंढरपूर, परळी, नांदेड करत नागपूरला पोचते आणि तिथून प्रयागराजवरून गयेला. मावशींनी फलाटावर उभं राहून डब्यावरची पाटी बोटानं अक्षर अक्षर लावत वाचली आणि मगच वर चढल्या.

शिदोरी दोन्ही घरची. आईच्या दशम्या आणि खर्डा, मावशींचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि जयसिंगपूरचं भडंग. मिरज सुटेपर्यंत दोघींचे डबे एकमेकींत मिसळून गेले.

पंढरपूर आलं तशी आईनं देवळाच्या दिशेला हात जोडले. मित्र म्हणाला, "काकू, पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची असं बाबासाहेबांचं मत होतं." आईला त्यात नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "असंल की. आमच्या घरातल्या जुन्या दशावताराच्या चित्रात नववा अवतार बुद्ध म्हणून लिवलेलं आसायचं, आन् उभा कोण, तर इठोबा. कमरेवर हात ठिवून." आईनं हे कौतुकानं सांगितलं. मावशी काही बोलल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुपारी दोघी आडव्या झाल्यावर मित्र आणि मी दाराशी उभे राहिलो. तो म्हणाला, "काकूंना वाईट वाटू नये म्हणून आई गप्प बसली." मग त्यानं मला बावीस प्रतिज्ञा वाचायला दिल्या. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी त्या दिल्या एवढं मला माहीत होतं, पण ओळीनं कधी वाचल्या नव्हत्या. चाळीस वर्षांची दोस्ती आणि हे राहून गेलेलं. पाचवी प्रतिज्ञा सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार हा खोटा प्रचार आहे. सहावी सांगते की मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही.

म्हणजे ज्या कामाला मी निघालो होतो ते कधीही न करण्याची प्रतिज्ञा माझ्या समोरच्या दोन्ही बर्थवरच्या माणसांनी घेतलेली होती.

"मग तू गयेत काय करणार भावा?" मी विचारलं.

"काकूंचा हात धरायला घाटावर कोण पायजे का नको? गुडघे बघितलंस का त्यांचे?"

दुसरा दिवस, शनिवार

नागपूर अंधारात आलं. मावशी आधीच उठून, केस विंचरून बसल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या वेळी, त्यांचे सासरे इथं आले होते. त्याच्याही आधी, १९२० च्या मार्चमध्ये, माणगावात जी परिषद झाली ती त्या सासऱ्यांनी लहान पोर असताना बघितलेली. शाहू महाराज त्या परिषदेला आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं तरुण आंबेडकरांकडं बघून म्हणाले, हे माणगावात घराघरांत सांगतात. मावशींनी ते सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. गाडी थांबली तेवढा वेळ त्या दाराशी हात जोडून उभ्या होत्या. फलाटावर चहावाल्याशिवाय कुणी नव्हतं.

बाकीचा दिवस गाडीतच गेला. संध्याकाळनंतर धुकं सुरू झालं.

तिसरा दिवस, रविवार

गयेत उतरलो तेव्हा दात वाजत होते. आपल्याकडची थंडी म्हणजे स्वेटरची थंडी, ही कांबळ्याची. दुपारपर्यंत खोलीत पडून राहिलो, मग तिळकूट बघायला रमणा रोडवर गेलो.

तिळकूट हा संक्रांतीचा पदार्थ, पण गयेत डिसेंबरातच रस्त्यारस्त्यांतून ठकठक ऐकू येते. एका दुकानाच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. एकजण साखरेचा घट्ट पाक खुंटीवर टांगून ओढत होता, आपल्याकडं दोरी वळताना ओढतात तसा, पांढरा होईपर्यंत. मग त्याचे तुकडे भाजलेल्या तिळात पडत आणि बाकीचे तिघे लाकडी मुसळीनं ते कुटत. एक घाव, एक फेर, पुन्हा घाव. पापुद्रे सुटलेली चकती हातात घेतली तर अजून कोमट होती, दातांखाली चुरली आणि नुसता तीळ जिभेवर राहिला. आपली तिळवडी चिवट, ही भुसभुशीत. मी गुळाची आणि साखरेची दोन्ही घेतली. गुळाची सरस.

संध्याकाळी विष्णुपद मंदिर. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधून घेतलं. काळसर दगडाचं, ठेंगणं नाही पण डामडौलही नाही. गाभाऱ्यात मूर्ती नाही. खडकावर उमटलेलं पाऊल आहे, त्याभोवती चांदीचं अष्टकोनी कुंड. कथा अशी की गयासुर इतका पवित्र होता की त्याला बघूनच लोक मुक्त व्हायला लागले. देवांना यज्ञासाठी त्यानं आपलं अंग दिलं, आणि त्याला स्थिर करायला विष्णूनं त्याच्यावर पाय ठेवला. म्हणून सगळी गया हे त्या असुराचंच शरीर. मला ही कथा लहानपणापासून आवडते, कारण यात असुर हा देणारा आहे.

देवळाच्या दाराशी अहिंदूंना प्रवेश नाही अशी पाटी आहे. मित्रानं ती वाचली आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही या जाऊन. आम्ही चपला बघतो." मी काहीतरी बोलायला गेलो तर त्यानं हात केला. मावशी फुलवाल्याच्या पाटावर टेकल्या. आत मला दर्शनात मन लावता आलं नाही. शाहूंच्या गावातला मी, पुरोहितांनी महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले ते वेदोक्त प्रकरण ऐकत वाढलेला, आणि माझा मित्र बाहेर माझ्या चपलांशी उभा. आईनंही बाहेर येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे हातातला प्रसाद आधी मावशींपुढं धरला. मावशींनी तो घेतला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी खोलीच्या दारातच एकानं गाठलं. महाराष्ट्राचे पंडे आम्हीच, सगळं मिळून पंधरा हजार, आत्ता निम्मे द्या. आई बिचारी पदराची गाठ सोडायला लागली होती. मित्र मास्तर माणूस, त्यानं फक्त एवढंच विचारलं, "तुमची बही दाखवा." तो माणूस पुढच्या गल्लीत दिसेनासा झाला.

गयावळांची, म्हणजे गयेच्या पंड्यांची, घरं प्रांतवार वाटलेली आहेत, आणि प्रत्येक घराकडं पिढ्यानपिढ्यांच्या वह्या असतात. कुठल्या गावाहून कोण आलं, कुणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, खाली सही. विचारत विचारत आम्ही कोल्हापूरकडच्या वह्या असलेल्या घरी पोचलो. म्हाताऱ्या गुरुजींनी गाव, आडनाव, पेठ विचारली, आत गेले आणि तांबड्या कापडात बांधलेल्या तीन लांबट वह्या घेऊन आले. एकेक पान उलटताना जुन्या कागदाचा आणि कापराचा वास यायचा. पाऊण तासानं त्यांचं बोट थांबलं. पण लिहिलेलं मोडीत. गुरुजींना मोडी येत नव्हती, आडनावाचं वळण तेवढं ते ओळखत. मला तर अक्षरही लागेना.

मित्रानं वही स्वतःकडं ओढली. त्यानं कोल्हापुरात मोडीचा वर्ग केलेला आहे, सुट्टीत पुराभिलेखागारात जाऊन जुने कागद वाचायचा त्याला नाद. चष्मा वर करून, बोट न टेकवता, त्यानं वाचायला सुरुवात केली. शके १८३१. माझ्या पणजोबांचं नाव. त्यांच्या भावाचं नाव. "मातोश्रीचे श्राद्ध केले." खाली दोघांच्या सह्या, एकाची नीट, एकाची थरथरती.

माझ्या घरातल्या कुणालाही पणजोबांच्या भावाचं नाव माहीत नव्हतं. आईनं ते दोनदा म्हणून घेतलं. मावशी म्हणाल्या, "आता तुमी बी लिवा. ह्याच्या नातवाला पायजे." मी लिहिलं, देवनागरीत. बरोबर कोण होतं त्या रकान्यात मित्राचं आणि मावशींचं नाव घातलं. गुरुजींनी नातं विचारलं, मी शाळासोबती आणि मावशी असं सांगितलं, त्यांनी मान हलवली.

तिथून फल्गूच्या देवघाटावर. फल्गू वाळूखालून वाहणारी नदी, वर्षाचे कितीतरी महिने वाळू उकरून पाणी काढायची रीत होती. २०२२ पासून घाटाजवळ ४११ मीटर लांबीचा रबरी बंधारा आहे, त्यामुळं आता पायऱ्यांशी पाणी असतं. वाळूखालून का वाहते याची कथा गुरुजींनी सांगितली. राम-लक्ष्मण सामान आणायला गेलेले, दशरथाचा हात पाण्यातून वर आला, सीतेजवळ काही नव्हतं, तिनं वाळूचाच पिंड दिला. राम परत आला तर साक्षीदारांनी उलटी साक्ष दिली. एकटा वड खरं बोलला. सीतेनं फल्गूला शाप दिला की तुझं पाणी वर दिसणार नाही, आणि वडाला वर दिला. तो अक्षयवट.

आईनं हे ऐकलं आणि विचारलं, "सीतामाईनं पिंड दिला, मग मी दिला तर चालंल का?" गुरुजी म्हणाले, "माताजी, उन्हीं से तो शुरू हुआ है." मग आम्ही दोघंही बसलो. जवाचं पीठ, काळे तीळ, मध, थोडं तूप. आईचे हात भाकरी थापणारे, पिंड एकसारखे गोल, माझे ओबडधोबड. एका पिंडाला भेग गेली तर तिनं माझ्या हातातून घेऊन अंगठ्यानं बुजवली आणि परत दिला. मित्र मागं पायरीवर, तिच्या पाठीला हाताचा टेकू देऊन बसलेला. दर वेळी पाणी घ्यायला वाकताना तोच तिला धरायचा.

आमच्या शेजारी एक मध्यमवयीन माणूस एकटाच मातृषोडशी करत होता. आईसाठी सोळा पिंड असतात आणि प्रत्येक पिंडाला तिच्या एकेका त्रासाचं नाव घ्यायचं. त्याचे पुरोहित श्लोक म्हणून मग हिंदीत अर्थ सांगत होते. गरोदरपणात तुला जे चालवत नव्हतं, त्यासाठी हा पिंड. बाळंतपणाच्या कळांसाठी हा. रात्री मी अंथरूण ओलं केलं आणि ओल्या जागेत तू निजलीस, त्यासाठी हा. माझ्यासाठी तू उपाशी राहिलीस, त्यासाठी हा. तो माणूस सातव्या-आठव्या पिंडापासून रडायला लागला आणि मग थांबलाच नाही.

मावशी हे सगळं ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "आम्हाला पिंड करायचा न्हाई. पण हे जे म्हणायला लावत्यात ना, ते जित्या आईपुढं एकदा म्हणायला पायजे पोरांनी." मित्रानं आईच्या पाठीवरचा हात तसाच ठेवून मान खाली घातली.

शेवटी स्वतःच्या कुळाबाहेरच्यांसाठीही पिंड देता येतो. मित्रांसाठी, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी, झाडाझुडपांसाठी, जनावरांसाठीसुद्धा. गयेच्या श्राद्धातला हा भाग मला सगळ्यांत मोठा वाटतो. माझ्या मनात सर आले. ज्यांनी मला भूमिती शिकवली, दहावीच्या वर्षी घरी बोलावून शिकवली, पैसे न घेता. मी वळून मित्राला विचारलं, "सरांच्या नावानं एक ठेवू?"

त्यानं जरा वेळ घेतला. म्हणाला, "नको. मला चालेल रे. त्यांना चालणार नाही."

मी हातातला पिंड खाली ठेवला. सरांनी जन्मभर पाळलेली गोष्ट माझ्या प्रेमापोटी मी मोडायला निघालो होतो. वाईट वाटायच्या ऐवजी मला त्या क्षणी सर फार जवळ आल्यासारखे वाटले, तास संपायच्या आधी फळ्यावरचं चुकलेलं पद पुसायला लावायचे तसे.

अक्षयवटाखाली सुफळ, म्हणजे श्राद्ध सफळ झाल्याचा आशीर्वाद, घेतलं. तिथं आवडीची एक गोष्ट सोडायची असते. आईनं फणस सोडला. वडील दर उन्हाळ्यात गगनबावड्याहून फणस आणायचे, तेल लावलेल्या हातांनी स्वतः फोडायचे, आणि पहिला गरा तिला. मी म्हटलं, दुसरं काहीतरी सोड की. म्हणाली, "दुसरं सोडून काय उपेग?"

पाचवा दिवस, मंगळवार

रिक्षानं बोधगया. खोलीवर सामान टाकून मावशींनी पांढरी साडी नेसली. इस्त्री केलेली, ट्रंकेत वेगळ्या कापडात गुंडाळून आणलेली. आईनंही आपल्याकडची त्यातल्या त्यात फिकी साडी काढली.

महाबोधी महाविहारात मोबाईल नेता येत नाही. ७ जुलै २०१३ ला इथं बॉम्बस्फोट झाले, तेव्हापासून तपासणी कडक. फोन ठेवून आत गेलो ते बरंच झालं. विहार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलात आहे. पायऱ्या उतरत जातो तसं शिखर वर वर जातं, पन्नासएक मीटर उंच, सगळं विटांचं. सम्राट अशोक इथं आला होता, त्यानं पहिलं मंदिर उभारलं. आजचं मंदिर मुख्यतः गुप्तकाळातलं. चिनी यात्री फाहियान आला, ह्युएनत्संग आला, मग कितीतरी शतकं पडझड. एकोणिसाव्या शतकात आधी ब्रह्मदेशच्या राजानं आणि मग इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमच्या देखरेखीखाली डागडुजी झाली. २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

गाभाऱ्यात सोनेरी बुद्ध. उजवा हात जमिनीला टेकलेला, भूमिस्पर्श मुद्रा. तपात विघ्न आणणाऱ्या माराने विचारलं, तुझ्या तपाला साक्षी कोण, तर त्यांनी जमिनीला हात लावला. आईनं हात जोडले आणि सवयीनं पुटपुटली, "देवा नारायणा."

मावशी शेजारी होत्या. या वेळी गप्प बसल्या नाहीत. पण किती हळू आवाजात बोलल्या. "आक्का, हे नारायण न्हाईत. आवतार न्हाईत कुणाचं."

आई गांगरली. "मग काय म्हणून नमस्कार करू वो?"

"मानूस म्हणून करा. आपल्यासारखाच. बसला, इचार केला, त्याला उमगलं, आन् मग चाळीस-पंचेचाळीस वर्सं चालत फिरून सांगत ऱ्हायला."

आईनं परत हात जोडले. या वेळी ओठ हलले नाहीत.

बाहेर पश्चिमेला बोधिवृक्ष. मूळ झाडाच्या वंशातलाच, आधीचं झाड १८७६ च्या वादळात पडल्यावर कनिंगहॅमनी लावलेला. फांद्यांना लोखंडी टेकू दिलेत. खाली वज्रासनाचा, म्हणजे बुद्धांच्या बैठकीच्या जागेचा, दगड, दगडी कठडा, आणि चहूबाजूंनी माणसं. डिसेंबरात इथं त्रिपिटक या बौद्ध ग्रंथांचं सामूहिक पठण चालतं, देशादेशांचे मंडप पडलेले. तिबेटी लोक लाकडी फळ्यांवर साष्टांग नमस्कार घालत होते, हातांखाली कापडाचे पुंजके सरकायचे त्याचा सर्र सर्र आवाज सतत.

मावशी सिंहली उपासिकांच्या रांगेच्या टोकाला जाऊन बसल्या. सगळ्या पांढऱ्या वस्त्रांतल्या, त्यामुळं त्या वेगळ्या दिसेनात. थोड्या वेळानं त्यांनी त्रिसरण सुरू केलं, माणगावच्या विहारातल्या चालीत, किंचित ओव्यांसारख्या. बुद्धं सरणं गच्छामि. शेजारच्या म्हाताऱ्या उपासिकेनं वळून बघितलं. तिचेही तेच शब्द, चाल निराळी, सपाट आणि लांब. दोघी एकमेकींकडं बघत पंचशील पूर्ण म्हणाल्या. एकीला मराठीशिवाय येत नाही, दुसरीला सिंहलीशिवाय. संपल्यावर त्या बाईंनी मावशींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मावशी तिला मराठीत सांगत होत्या, "आम्ही कोल्हापूरचं. बाबासायबांचं."

मित्र आणि मी परिसर फिरलो. ज्ञानप्राप्तीनंतरचे सात आठवडे बुद्धांनी इथंच काढले, त्या जागा दाखवल्यात. डोळ्यांची पापणी न लवता वृक्षाकडं बघत राहिले ती अनिमेषलोचनाची जागा, चालले तो चंक्रमण ओटा, त्यावर दगडी कमळं. मग प्रवेशाकडच्या बाजूला एक छोटं देऊळ, पंचपांडवांचं म्हणतात. आतल्या मूर्ती बघून मित्र म्हणाला, "हे पांडव आहेत व्हय?" मूर्ती बुद्धांच्या आहेत, हे मलाही दिसत होतं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी इथं शैव महंत येऊन राहिले आणि पुढं जागा त्यांच्या ताब्यात गेली. श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल १८९१ मध्ये इथं आले आणि ती बौद्धांना मिळावी म्हणून त्यांनी लढा सुरू केला. १९४९ च्या कायद्यानं व्यवस्थापन समितीकडं आलं, त्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू, अध्यक्ष जिल्हाधिकारी. हा कायदा रद्द व्हावा म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीपासून भिक्खूंनी आंदोलन केलं. मित्र म्हणाला, "ज्या जागेवर आमचा धर्म जन्मला, तिथं निम्मी समिती आमची?" गयामाहात्म्यात महाबोधीच्या झाडाला नमस्कार करायला सांगितलंय, जवळच्या धर्मारण्यात आजही पिंड देतात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "नमस्कार कुणीही करावा. काल मी तुझ्या घाटावर बसलो नव्हतो का? पण मी तुझ्या गुरुजींना मंत्र बदला म्हणालो नाही."

दोन्ही धर्मांचं तीर्थ असं आपण सहज म्हणतो. प्रवासाला निघताना मीही सगळ्यांना असंच सांगितलं होतं. पण इथला पाहुणा कोण आणि घरधनी कोण हे मला त्या दिवशी कळलं, आणि मित्राचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

परत झाडाखाली आलो तर दोघी शेजारी शेजारी बसून वर बघत होत्या. पान तोडायचं नाही, पडलं तरच घ्यायचं. डिसेंबरात पिंपळाची पानगळ तेवढी नसते. तासभर काही पडलं नाही. मग वारा आला, दोन पानं गिरक्या घेत खाली आली, एक कुणा पोरानं धावत जाऊन उचललं, एक मावशींच्या मांडीजवळ. लांब टोकाचं, देठाशी अजून हिरवट. त्यांनी ते उचललं, कपाळाला लावलं आणि आईच्या हातात दिलं.

"अवो, तुमी एवढ्या लांबून आलाय ते ह्याच्यासाठी," आई म्हणाली.

"मला आज मिळायचं ते मिळालं," मावशी म्हणाल्या.

सहावा दिवस, बुधवार

सकाळी नैरंजना नदी ओलांडून बकरौर गावात सुजाता स्तूप बघितला. विटांचा मोठा उंचवटा, भोवती शेतं, शेळ्या, मोहरी नुकती फुलायला लागलेली. उपास करून हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थाला सुजातेनं खीर दिली ती इथं. ही नैरंजनाच पुढं मोहना नदीला मिळून फल्गू होते. आईला हे सांगितलं तर ती वाळूत उभी राहून दोन्ही बाजूंना बघत राहिली. "तिकडं खाली सीतामाईनं वाळूचा पिंड दिला, हितं हिनं खीर दिली. नदी एकच व्हय?" मावशी म्हणाल्या, "नदी एकच." दोघींनी ओंजळीत पाणी घेतलं. आईनं सूर्याकडं सोडलं, मावशींनी तोंडावर मारलं.

दुपारी १९८९ साली उभारलेली ऐंशी फुटी बुद्धमूर्ती बघितली, थाई आणि जपानी विहार बघितले. नागपूर-अमरावतीकडच्या बसगाड्या भरून आल्या होत्या, रस्त्यावर जागोजागी जयभीम ऐकू येत होतं. एका टपरीवर लिट्टी-चोखा खाल्ला, वांग्याचा चोखा आपल्या भरताला जवळचा, आईनं त्यावर पिशवीतला खर्डा घेतला.

सातवा दिवस आणि पुढं

परतीला गयेहून मुंबई मेल, मुंबईहून महालक्ष्मी. दोघी गाडीभर झोपल्या. आईच्या पिशवीत पान होतं, जुन्या पंचांगाच्या पानांत ठेवलेलं, आणि मावशींच्या पदराला अजून विष्णुपदाच्या प्रसादाची गाठ. कोल्हापुरात उतरल्यावर रिक्षात बसायच्या आधी त्यांनी ती सोडली, खडीसाखरेचे चार दाणे निघाले, चौघांच्या हातांवर एकेक ठेवला.

घरी आल्यावर मी पानाला छोटी चौकट करून आणली आणि देवघरात, बाळकृष्णाच्या मागं, उभी केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथं नाही. आईनं ती बाहेरच्या खोलीत, वडिलांच्या फोटोशेजारी टांगली होती.

"देवघरात नको," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं हुतं न्हवं."